काढ ती टोपी

मी वडप्याला एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन आहे. एजन्सीच्या कागदावर सिक्युरिटी गार्ड असं लिहिलंय, पण हाक वॉचमन म्हणूनच येते. पाळी बारा तासांची. एक पंधरवडा दिवसाची, एक रात्रीची.

ज्यांनी वडपे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्याहून नाशिकला जाताना भिवंडी ओलांडली की हायवेला लागून हे गाव लागतं. पूर्वी इथं भाताची खाचरं होती. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोडाऊनं. फ्रिज, टीव्ही, औषधं, साबण, कपडे, जे म्हणाल ते इथं उतरतं आणि इथून पुढं जातं. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन संपतो. त्याचा शेवटचा टप्पा २०२५च्या जूनमध्ये सुरू झाला. तेव्हापासून रात्रीची झोप आमच्या गेटवरून उठूनच गेली.

आमच्या पाळीला आम्ही सात जण. पाच बौद्ध, एक मातंग, एक उत्तर प्रदेशातला. असं कुणी ठरवून केलेलं नाही. आतल्या एसीत कोण बसतं आणि गेटवर उन्हात कोण उभं राहतं, याचा हिशोब तुम्हाला मी वेगळा मांडून दाखवायला नको.

एजन्सीनं आम्हाला आकाशी शर्ट दिला, निळी पँट दिली, शिट्टी दिली आणि डोक्यावर एक तिरकी टोपी दिली. बेरेट. रंग मरून, म्हणजे पिकलेल्या जांभळाची साल असते ना, त्याच्या आसपासचा. वर पत्र्याचा बिल्ला. टोपीचे आणि बुटांचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेतले. दिली म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून.

खोटं कशाला बोलू, ती टोपी मला आवडली होती. मी भरतीला तीनदा गेलोय. धावण्यात पास, छातीत नापास. पुढं वय निघून गेलं. मग ही टोपी डोक्यावर आली तेव्हा पहिल्या दिवशी मी गाडीच्या आरशात दोन-तीनदा बघून घेतलं. घरी पोरगी म्हणाली, पप्पा मिलिट्रीवाले दिसतात. मला बरं वाटलं. माणूस आहे मी.

एका रात्री एक ट्रेलर लागला. ड्रायव्हर वयस्कर, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. केबिनमधून उतरला, माझ्याकडं बघितलं आणि एकदम सावधान उभा राहिला. हसत हात पुढं केला. म्हणाला, ‘साब, कौन सी बटालियन?’

मला कळेचना काय म्हणतोय.

‘मैं भी पॅरा का हूँ,’ तो म्हणाला. माझ्या डोक्याकडं बोट.

मी म्हणालो, ‘ये तो कंपनी की टोपी है.’

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. रागावला नाही, शिवी दिली नाही. रजिस्टरवर सही केली, गाडीचा नंबर टाकला आणि आत गेला. बाहेर पडताना माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्या जागी कुणी शिव्या घातल्या असत्या तर मी विसरलो असतो. तो मागं घेतलेला हात मात्र अजून डोळ्यापुढून जात नाही.

त्यानंतर महिनाभरानं नाना आले.

नाना म्हणजे माझे चुलते. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशात. माझा बाप हमालीला भिवंडीत आला आणि इथलाच झाला. नाना मात्र फौजेत गेले. महार रेजिमेंटमध्ये पंधरा वर्षं काढून १९८७ साली पेन्शनवर आले आणि गावातच राहिले. डोळ्यात मोतीबिंदू झाला म्हणून ऑपरेशनला आमच्याकडं आले होते. बायको कामावर जाते, तेव्हा एका दुपारी नानाच डबा घेऊन गेटवर आले.

डबा त्यांनी हातात दिला नाही. लांबूनच उभे राहिले.

‘काढ ती.’

‘काय नाना?’

‘टोपी. आधी काढ, मग जेव.’

‘नाना, ड्यूटी चालू आहे. सुपरवायझरनं बिनटोपीचं बघितलं तर शंभर रुपये कापतो.’

‘कापू दे. किती उड्या मारल्यास रं इमानातनं?’

मी गप्प. बाकीचे गार्ड बघत होते. मला नानांचा राग आला. मी म्हणालो, ‘मी काय हौसेनं घातली का? पगार देतो त्यानं दिली. तुमच्यासारखी पेन्शन नाही मला.’ नाना डबा कट्ट्यावर ठेवून निघून गेले. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्यानं नीट दिसत नाही, अशा अवस्थेत तो हायवे त्यांनी कसा ओलांडला असेल कुणास ठाऊक. मी जेवलो नाही.

नानांची टोपी मला लहानपणापासून माहीत होती. गावच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासात त्यांची बेरेट होती. गडद हिरवी. वरच्या बिल्ल्यावर दोन मशीनगन एकमेकींवर आडव्या. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ती घालून गल्लीत फिरलो, तर नानांनी कानफटात मारली होती. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मारलं. तेव्हा मला वाटलं, जुन्या कापडासाठी मारलं. चाळीशीला आल्यावर गेटवर दुसरी कानफटात बसली. तिला हात लागला नाही इतकंच.

रात्री घरी गेलो तर नाना जागे होते. मी काही बोलायच्या आत तेच सुरू झाले. लष्करात टोपीचा रंग म्हणजे माणसाचं काम, हे त्यांनी मला त्या रात्री बोटं मोजून सांगितलं.

पायदळाची बेरेट गडद हिरवी. म्हणजे महार, मराठा, राजपूत, बिहार, कुठलीही रेजिमेंट असो, हिरवी. रणगाडेवाल्यांची काळी. तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, सप्लाय, यांची गडद निळी. मिलिटरी पोलिसांची लाल, लांबून दिसावी म्हणून. हवाई शाखेची करडी. आणि मरून ती छत्रीवाल्यांची. विमानातून उडी मारणारा जो, त्याची. ती मागून मिळत नाही, शिक्षणावरून मिळत नाही, ओळखीनं तर नाहीच. आपल्या पलटणीतून तिकडं जायचं तर स्वतः पुढं व्हायचं, परीक्षेत जीव निघेपर्यंत पळायचं, उड्या मारायच्या, मग डोक्यावर येते. कितीतरी जण तिथून परत येतात. शीख जवान बेरेट घालत नाही, पण त्याच्या पगडीचा रंगही हाच हिशोब पाळतो.

‘आपली पोरंबी हायत त्यात,’ नाना म्हणाले. ‘पर त्यांनी कमावलीया. तुझ्या एजन्शीनं ती बाजारातनं शेकड्यावर आणली.’

मग मी या रंगांच्या मागं लागलो. वाचत गेलो तसं एक गोष्ट लक्षात आली. रंग कुणाच्या लहरीनं आले नाहीत, बहुतेक कामातून आले. इंग्रजांच्या रणगाडा दलानं १९२४ साली काळी बेरेट घेतली. कारण काय, तर तेला-ग्रीसचे डाग काळ्यावर दिसत नाहीत आणि काठ नसलेली टोपी रणगाड्याच्या झाकणातून आत-बाहेर करताना अडकत नाही. म्हणजे ती मेकॅनिकची टोपी. मरून बेरेट १९४२ साली इंग्रजांच्या छत्रीधारी सैन्यानं घेतली. हिरवी त्यांच्या कमांडोंनी त्याच साली. अमेरिकेत १९६१ साली केनेडीनं त्यांच्या स्पेशल फोर्सेसला हिरवी मान्य केली. म्हणजे एकाच हिरव्याचा अर्थ देशागणिक वेगळा. आपल्याकडं हिरवी म्हणजे पायी चालणारा साधा शिपाई.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची टोपी आकाशी निळी. तिची हकीकत १९५६ सालची. सुवेझच्या भांडणात निरनिराळ्या देशांचे जवान इजिप्तमध्ये उतरवायचे होते. गणवेश ज्याचा त्याचा. लांबून मित्र कोण, शत्रू कोण ते कळणार कसं? निळ्या बेरेट घालायचं ठरलं, पण तेवढ्या बेरेट वेळेत मिळेनात. मग अमेरिकन हेल्मेटच्या आतली प्लास्टिकची टोपडी आणून त्यांच्यावर निळा रंग फवारला. ती निळी टोपी डोक्यावर असली की हा माणूस कुठल्याही एका बाजूचा नाही, दोघांच्या मध्ये उभा राहायला आलाय, असा अर्थ ठरला. पुढं १९९३-९४ साली सोमालियात आपली जी ब्रिगेड गेली, तिच्यात महार रेजिमेंटची पाचवी बटालियनही होती.

हे मी नानांना उत्साहानं सांगायला गेलो. आणि सांगता सांगता माझ्या तोंडून जे गेटवर गिळलं होतं ते बाहेर पडलं.

मी म्हणालो, ‘नाना, माझी टोपी एजन्सीची, मान्य. पण तुमची तरी तुमची होती का? इंग्रजाला गरज होती तेव्हा त्यानं आपल्या माणसांना घेतलं. गरज संपल्यावर हाकललं. टोपी देणारा तोच, काढणारा तोच. मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?’

नाना काही बोलले नाहीत. उशाला हात घेऊन पडून राहिले.

मित्रांनो, मी बोललो त्यात खोटं नव्हतं. तुम्हालाही हा इतिहास माहीत आहे, पण तो टोपीच्या बाजूनं एकदा बघा. १ जानेवारी १८१८ला कोरेगावात लढणाऱ्या पलटणीत आपले लोक होते. तिथल्या स्तंभावर पलटणीच्या ज्या ४९ मेलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत २२ महारांची. पुढं कंपनीच्या आणि राणीच्या फौजेत आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच फौजेतले. आणि मग १८९२च्या सुमाराला साहेबाच्या डोक्यात आलं की हिंदुस्थानात काही जाती लढवय्या आहेत आणि काही नाहीत. झालं. महारांची भरती बंद. ज्यांनी लढून दाखवलं होतं त्यांना कागदावर भित्रे ठरवून घरी बसवलं. १९१७ साली पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ महार नावाची पलटण उभी केली. लढाई संपल्यावर १९२१ला ती मोडली. १९४१ साली दुसरं महायुद्ध, पुन्हा गरज, पुन्हा पलटण.

याच हिशोबात आजची गोष्टही घाला. २०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, चौघांतल्या फार तर एकाला पुढं कायम करणार, तिघे घरी. माझ्या पुतण्याला त्यात जायचंय. मी त्याला जा म्हणालो. पण चार वर्षांनी तो परत आला तर कुठं उभा राहील, ते मला दिसतंय. माझ्या शेजारी, गेटवर.

सकाळी नाना चहा पिताना बोलले. रात्रभर तेच घोळवत असावेत.

‘दिली न्हाई ती,’ ते म्हणाले. ‘मागून घेतली.’

एवढंच. पण त्या तीन-चार शब्दांनी माझा रात्रीचा हिशोब मोडला.

खरंच, टोपी काढून घेतल्यावर आपली माणसं घरात बसली नाहीत. गोपाळ बाबा वलंगकर स्वतः फौजेतून पेन्शन घेतलेले. १८९४ साली त्यांनी सरकारकडं अर्ज केला, की आमची भरती का बंद केलीत? शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. एका अर्जानं काही झालं नाही, दुसऱ्यानंही नाही. पण मागणं पडू दिलं नाही. १९४१च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्यांनी तेच मागणं लावून धरलं. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. गंमत बघा, हिंदुस्थानातली पहिली छत्रीधारी ब्रिगेडही त्याच ऑक्टोबरात दिल्लीला उभी राहिली. म्हणजे नानांची पलटण आणि मरून टोपीवाले, दोघांचा जन्म एकाच महिन्यातला.

१९४६ साली महार रेजिमेंट मशीनगनची रेजिमेंट झाली. बिल्ल्यावरच्या आडव्या मशीनगन तिथल्या. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो गेला, कट्यार आली. सरकारला तो स्तंभ नकोसा वाटला असेल, की कंपनी सरकारची खूण म्हणून काढला असेल, वाद घाला. पण बिल्ल्यावरून गेलेल्या त्या स्तंभापाशी आपण दर १ जानेवारीला लाखांनी जातो. बाबासाहेब तिथं १९२७च्या १ जानेवारीला गेले होते. बिल्ला सरकारचा, सरकारनं बदलला. स्तंभ आपण सोडला नाही.

आणखी एक गोष्ट नानांनी सांगितली ती ऐका. आज महार रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे, सगळ्या प्रांतांचे जवान आहेत. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, घर तमिळ, आठवी महार. २५ नोव्हेंबर १९८७ला श्रीलंकेत पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, दोघेही या रेजिमेंटचे, दोघेही पुढं लष्करप्रमुख झाले. नाना म्हणाले, ‘माझ्या पलटणीत बामणबी व्हता. कुठली पलटण इचारलं की छाती काढून सांगायचा, महार.’

मला हसू आलं आणि कसंतरीही झालं. गावात या शब्दावरून आमच्या आज्याला विहिरीपासून हाकललं. शाळेच्या दाखल्यावर तो शब्द वाचताना मास्तर आवाज बारीक करायचे. १९५६ला धम्म घेतला तेव्हा आपण तो टाकला, आणि टाकला ते बरंच केलं. आणि तोच शब्द खांद्यावर पितळेत लावून कुणी ब्राह्मणाचा पोरगा परेड करतो. शब्द तोच. त्याच्यामागं काय उभं आहे त्याच्यावर त्याचा अर्थ ठरतो. गावात त्या शब्दामागं महारकी होती, तराळकी होती. पलटणीत त्याच्यामागं रायफल होती, पगार होता, पेन्शन होती, आणि मेलं तर तिरंगा होता.

रंगाचं तसंच आहे. आपल्या अंगावर खुणा काय कमी होत्या? हातातली घुंगरू लावलेली काठी, खांद्यावरची घोंगडी, पेशव्यांच्या पुण्यात गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा, म्हणजे चुकून कुणाला विटाळ होऊ नये. तोही गणवेशच होता की. लांबून ओळखू यावं म्हणून दिलेला. फरक एवढाच, की तो गणवेश घातलेल्याच्या मागं कुठलंही सरकार, कुठलाही कायदा उभा नव्हता. उलट तो अंगावर असेपर्यंत वाटेल त्यानं वाटेल ते करावं. म्हणून १९२७ला महाडात बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, अंगावरच्या या खुणा टाका, लुगडं नेसायची तऱ्हा बदला. काहींना तेव्हा वाटलं असेल, कपड्यात काय आहे एवढं? त्यांना ठाऊक होतं काय आहे ते.

आता माझ्या टोपीकडं येतो.

नाना गावाला परत गेल्यावर मी कायदा शोधला. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ सालचा आहे. त्याचं कलम २१ सांगतं, की खासगी गार्डनं लष्कर, नौदल, हवाईदल किंवा पोलिसांचा गणवेश किंवा त्यासारखा दिसणारा, त्यांची खास खूण असलेला पोषाख घातला, तर तो गार्ड आणि एजन्सीचा मालक, दोघांनाही शिक्षा. एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचून मी थंड पडलो. टोपी निवडली त्यानं, पैसे कापले माझे, आणि तुरुंगात जायची वेळ आली तर पहिलं नाव माझं.

आम्ही सात जणांनी मिळून अर्ज लिहिला. मी लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. मागण्या तीन. टोपीचा रंग बदला. नव्या टोपीचे पैसे कापू नका. आणि आमची सुरक्षा रक्षक मंडळात नोंद आहे का ते लेखी सांगा. कारण महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१चा वेगळा कायदा आहे. त्याच्याखाली मंडळं आहेत. मंडळात नोंद असली की पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांचा हिशोब राहतो. ज्या एजन्सीच्या गार्डांना त्यातून सूट मिळते, त्यांच्याही सवलती मंडळापेक्षा कमी असून चालत नाहीत. वडपे ते भिवंडी या पट्ट्यात किती गेट आहेत बघा आणि गार्डला विचारा, हा कायदा ठाऊक आहे का? मी स्वतः सात वर्षं गेटवर होतो, मला नव्हता.

निकाल सांगतो, फुगवून नाही. टोपी बदलली. आता काळपट निळी आहे, समोर छज्जा असलेली. मालकाला कलम २१ची भीती वाटली, आमची नव्हे. तिचे पैसे पुन्हा कापले. मंडळाच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. माझी आणि आमच्या मातंग मित्राची सलग दीड महिना रात्रपाळी लावली. उत्तर प्रदेशवाल्याला दुसऱ्या गोडाऊनवर पाठवलं. आम्ही दुसरा अर्ज केला आहे, आणि या वेळी थेट मंडळाकडं. वलंगकरांपासून कांबळ्यांपर्यंत सोळा वर्षं गेली. आमचे अजून सोळा महिनेही झाले नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय?

आमच्या वस्तीत विहारात बैठक झाली. विषय १४ एप्रिलची मिरवणूक. पोरं उत्साही, मला कौतुक आहे. त्यांचा ठराव असा, की पथकातल्या ५० पोरांना कमांडोसारखा ठिपक्यांचा ड्रेस शिवायचा, मरून बेरेट घालायची आणि काळा गॉगल. एका पोरानं मोबाइलवर फोटोही दाखवला. म्हणाला, ‘काका, समोरच्याला धडकी भरली पाहिजे.’

मी त्याला ट्रेलरच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. पुढं केलेल्या आणि मागं घेतलेल्या हाताची. तो म्हणाला, ‘काका, मिरवणुकीत कोण बटालियन विचारतोय?’

बाळा, कुणी विचारणार नाही हे खरं. पण बेरेटवर आपलाही हक्क आहे, तो कसा ते बघ. १९६६ला अमेरिकेत ऑकलंडला ब्लॅक पँथरवाल्या काळ्या पोरांनी काळी बेरेट घातली. कुठल्या सरकारनं दिली नव्हती, कुठल्या पलटणीची उसनी नव्हती. ती घालून ते पोलिसांवर लक्ष ठेवायला रस्त्यावर उभे राहायचे. सकाळी वस्तीतल्या पोरांना नाष्टा वाढायचे. त्यामुळं त्या टोपीला अर्थ आला. १९७२ला आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर काढली ती त्यांचंच नाव घेऊन, आणि त्या नावाचा अर्थ इथं वस्त्यावस्त्यांत फिरून कमावला.

आणि आपल्याला तर रंग शोधायला लांब जायला नको. बाबासाहेबांनी समता सैनिक दल काढलं ते महाडच्या सत्याग्रहाच्या काळात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा १९४२ पासून निळा. हा रंग आपल्याला पाटलानं दिला नाही, साहेबानं दिला नाही, ठेकेदारानं दिला नाही. म्हणून तो कुणी काढून घेऊ शकत नाही. निळी टोपी डोक्यावर असलेला माणूस बघून म्हातारीला वाटलं पाहिजे, हा आपला, हा गर्दीतून मला रस्ता करून देईल. धडकी भरवायचं काम पोलिसांच्या लाठ्या पुष्कळ करतात.

बैठकीत वाद झाला. दोघे-तिघे उठून गेले. शेवटी निळी टोपी ठरली, ठिपक्यांचा ड्रेस रद्द झाला. ड्रेसचे जे पैसे जमले होते त्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. मी म्हणालो, त्यातून अर्जाचे फॉर्म झेरॉक्स करू आणि वडपे फाट्यापासून एकेका गेटवर जाऊन गार्डांकडून मंडळाचे अर्ज भरून घेऊ. पथकातली ५० पोरं आहेत, दोन रविवारांचं काम आहे. ज्या पोरानं मोबाइलवर फोटो दाखवला होता, त्यानं विचारलं, ‘त्या वेळी टोपी घालायची का?’

घाल म्हणालो. तेव्हा तर घालच.

नानांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मी येतो एप्रिलात. डोळा बरा झालाय आता.’ मी विचारलं, ‘नाना, हिरवी टोपी घेऊन या की.’ त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, ‘न्हाई. ती पलटणीची. ट्रंकंत राहू दे. मला तुमची एक निळी ठेव.’

ठेवली आहे. तुमच्या गावात, तुमच्या नाक्यावर गेटवर उभा असलेला गार्ड दिसला तर त्याच्याशी बोला. टोपीवरून हसू नका. त्याला पहिल्यांदा विचारा, मंडळात नोंद आहे का?

जय भीम.